दसऱ्याचा दोरा, तिकडचा कायदा

माझी सून डोंबिवलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पेपर तपासायला घरी आणते. मागच्या महिन्यात ती असाच गठ्ठा घेऊन बसलेली. लाल पेन मारता मारता बोलली, "सगळ्यांनी एकाच गाइडमधून उतरवलंय. देशांच्या प्रादेशिक संघापुढची धोरणविषयक आव्हानं सांगा, एवढाच प्रश्न. एकालाही स्वतःच्या दोन ओळी सुचलेल्या नाहीत."

मी बोललो, "मला विचार."

ती हसली. वाईट हसली असं नाही, पण हसली. "बाबा, ही देशांची युनियन आहे. तुमची गेटवर झेंडा लावणारी नव्हे."

मी चौथी पास आहे. पाचवीत मास्तरांनी कान धरला आणि मी त्यांचा हात धरला, तिथं शाळा संपली. पण सही अंगठ्यानं कधी केली नाही आणि पेपर रोज वाचतो. सूनबाईला त्या संघाचं पुस्तकातलं माहीत आहे. मला त्या संघाचा माणूस माहीत आहे. तो माझ्या टाकीपाशी उभा राहून माझ्याशी बोललेला आहे. ते मी लिहितो. ज्याला गाइडमधून उतरवायचं त्यानं खुशाल उतरवावं.

मी सदतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगच्या शॉपमध्ये काढली. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून जायचो, बऱ्याचदा चालत. लोखंडी दांड्यावर क्रोम चढवायचं हे आमचं काम. खोदकामाच्या मशीनचा हात ज्या चकचकीत दांड्यावर पुढं-मागं सरकतो, तो दांडा. आमचा माल बोटीनं तिकडं जायचा, युरोपात. तिथल्या देशांनी मिळून एक संघ केलेला आहे, कायदे एकत्र करतात. त्या कायद्यांचं आमच्यापर्यंत काही येईल असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं.

क्रोमची टाकी म्हणजे लालसर पिवळं गरम पाणी. करंट सोडला की बुडबुडे फुटतात आणि पिवळी वाफ वर येते. ती नाकात जाते. आधी नाक झोंबतं. मग आत खपल्या धरतात. मग रक्त येतं. दोन-तीन वर्षांत नाकाच्या मधला पडदा फुटतो, आरपार. फुटला की दुखणं थांबतं. म्हणून आमच्यात बोलायचे, भोक पडलं की सुटलास. भोक लहान आहे तोवर श्वासाला शिट्टी वाजते. मोठं झालं की तीही बंद. माझं कधीच बंद झालेलं.

दसऱ्याला टाक्यांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, करंट देणाऱ्या रेक्टिफायरच्या मशीनला कुंकू. त्या दिवशी आमच्यात एक रीत होती. ज्याचं भोक त्या वर्षात पडलेलं असेल त्याला पाटावर बसवायचं, आणि सगळ्यात जुन्या प्लेटरनं पूजेचा लाल दोरा त्याच्या नाकात ओवायचा. दोरा मेणात बुडवायचा, टोकाला झाडूची काडी. या नाकपुडीतून आत, त्या नाकपुडीतून बाहेर. मग टाळ्या, पेढे. त्या दिवसापासून तो माणूस पक्का. पक्क्याला टाकीवरून कोणी हलवत नाही, पक्क्याला शेठसुद्धा अरे-तुरे करत नाही. माझा दोरा मी विशीत असताना माझ्या आधीच्या मिस्तरीनं ओवला. अजून आहे माझ्याकडे. लग्नातल्या मुंडावळ्या ज्या डब्यात आहेत, त्यातच ठेवलाय.

ज्यांनी ऑफिसात बसून पदकं घेतली त्यांना हे घाण वाटेल. वाटू दे. आम्हाला कोणी पदक दिलं नव्हतं, ते आम्ही आमचं करून घेतलं.

माझा जोडीदार साताऱ्याकडचा होता. दिव्याला राहायचा, बायको आणि दोन मुली. मला मिस्तरी बोलायचा. हात चांगला, तोंड बंद. ठेकेदाराच्या रजिस्टरात त्याचं नाव पॅकिंगला लागलेलं, कारण टाकीवरचा माणूस दाखवला की तपासण्या मागे लागतात. काम मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारच्या टाकीवर. चौथ्या दसऱ्याला मीच त्याला पाटावर बसवला. दोरा ओढताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो हसत होता. बायकोला फोटो पाठव म्हणून त्यानं मोबाईल कोणाच्या तरी हातात दिलेला. पेढे स्वतःच्या खिशातून आणलेले, दिव्याच्या स्टेशनाबाहेरचे, पिठूळ.

पण त्याचं भोक पडूनही तो सुटला नाही. रक्त येतच राहिलं. रुमाल खिशात काळा पडायचा. मग डावा गाल बधिर झाला. एक दिवस जेवताना भात ओठावरून ओघळला आणि त्याला कळलंच नाही. मी बोललो, "पूस रे तोंड, लहान आहेस का?"

तो शेठकडे गेला. बोलला, मला टाकीवरून काढा, पॅकिंगला बसवा, तसंही नाव तिथंच आहे. शेठ बोलले, मिस्तरीला विचार. तो माझ्याकडे आला.

"पक्का माणूस खोके चिकटवतो का?" मी विचारलं.

"मिस्तरी, गाल मेलाय माझा."

"गालानं काम करतोस की हातानं?"

टाकीवर पक्के आम्ही दोघंच उरलेलो. तो गेला असता तर दोन्ही टाक्या माझ्या अंगावर, आणि साठी उलटून गेलेली माझी. ते मी त्याला सांगितलं नाही. आपली अडचण दुसऱ्याला सांगायची मला सवय नाही.

त्याच सुमाराला शेठनी सगळ्यांना गोळा केलं. बाजूला एक्स्पोर्ट बघणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. शेठ बोलले, "तिकडच्या संघात नवीन कायदा येतोय. इथं कामगाराला इजा झाली, तर तिथं माल घेणाऱ्या कंपनीला जबाबदार धरणार. म्हणून ती कंपनी माणसं पाठवतेय बघायला. पास झालो तर ऑर्डर राहील. नापास झालो तर शटर खाली. मग बसा नाक्यावर."

एकानं विचारलं, "कायदा झाला, की नुसता येतोय?"

मॅडम बोलल्या, "अजून झाला नाही. सगळ्या देशांची चर्चा चालू आहे."

"मग आत्ताच कशाला?"

"होईल या भीतीनं," मॅडम बोलल्या.

आठ दिवसांत पंखे बसले, भिंतीला पांढरा रंग लागला, डोळे धुवायचा नळ आला. त्याला पाण्याची लाइन जोडली नव्हती, नुसता नळ. आणि मास्क आले, दोन खोकी. कोरे, पांढरे. मॅडमना घाम फुटला. कागदावर लिहिलेलं की मास्क वर्षभर वापरात आहेत, आणि हे तर आत्ताच पिशवीतून काढलेले. तेव्हा अक्कल मी चालवली. बोललो, हळद आणा. बादलीत हळदीचं पाणी केलं, मास्क बुडवले, तारेवर वाळवले. टाकीच्या वाफेचा रंग तसाच येतो. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझा जोडीदार बाजूला उभा राहून बघत होता. त्यानं त्याच्या वाटणीचा मास्क घेतला आणि गप खिशात घातला.

पाहुणे तिघं आले. एक डॉक्टरबाई, एक कागद भरणारा, आणि एक म्हातारा, माझ्याच वयाचा. बूट झिजलेले. त्यानं आल्या आल्या एक तयार दांडा उचलला, खिडकीकडे धरला, आणि एक डोळा मिटून लांबीवरून नजर फिरवली. मी तिथंच ओळखलं. ऑफिसातला माणूस दांडा असा बघत नाही. तो प्लेटर होता.

डॉक्टरबाईंनी एक मास्क हातात घेतला, नाकाशी नेला. मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमचा चेहरा पडला. त्या आम्हाला बोलल्या, "विचारताहेत, इथं जेवण कुठं शिजतं?"

मग मागून कोणीतरी, "सांगा, मागच्या गल्लीत कॅन्टीन आहे." मॅडमनी तसं सांगितलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि मास्क खाली ठेवला. कागद भरणाऱ्यानं मास्कच्या रकान्यात बरोबरची खूण केली. मी बघितलं. इंग्रजी येत नसलं तरी बरोबरची खूण सगळीकडे सारखीच.

म्हातारा माझ्या टाकीपाशी थांबला. मॅडम मधे राहून दोन्हीकडचं सांगत होत्या. त्यानं सांगितलं की तो स्वतः वीस वर्षं क्रोमवर होता. मग त्यांच्या संघानं क्रोमवर कायदा केला, परवानगीशिवाय टाकी चालवायची नाही. त्याचं शॉप बंद पडलं. ते काम आमच्यासारख्यांकडे आलं, आणि त्याला आमच्यासारख्यांना तपासायची नोकरी लागली.

मी बोललो, "म्हणजे विष तिकडं नको, चकाकी मात्र पाहिजे."

मॅडम बोलल्या, "हे मी सांगणार नाही हं काका."

"सांगा. नाहीतर मी बोटानं सांगीन."

त्यांनी सांगितलं, पाणी घालून सांगितलं असणार. पण म्हातारा माझ्याकडे बघत होता, त्याला तोंडावरूनच कळलं. तो बराच वेळ बोलला. त्याचं बोलणं असं की, ज्या देशात टाक्या आहेत तो देश बोलतो बंद नको, ज्याच्याकडे टाकीच नाही तो बोलतो आजच बंद करा. कायदा एक होतो आणि सवलती शंभर. कायदा सगळ्यांचा, पण तो पाळतात की नाही हे ज्यानं त्यानं आपापल्या घरी बघायचं. एक देश कडक, शेजारचा डोळे झाकून, मग धंदा डोळे झाकणाऱ्याकडे पळतो. आता लांबच्या कामगारासाठी कायदा आणायला निघालेत, तर मालक लोक ओरडताहेत की आपण नियमानं मरू आणि बाकीचं जग स्वस्तात विकून जगेल. होईल की नाही त्याला माहीत नव्हतं. निवडणुका आल्या की जो तो आपल्या घरचं बघतो, बोलला.

मला आमच्या गावची भावकी आठवली. आंब्याचं एक झाड आणि सात वाटेकरी. झाड तोडायचं ठरलं की एक आडवा. खत घालायचं ठरलं की सहा आडवे. आंबे उतरवायला मात्र सातही हजर. मी त्याला हे सांगायला लावलं. तो हसला आणि मॅडमना बोलला, आमच्याकडे वाटेकरी जास्त आहेत, एवढाच फरक.

तोवर डॉक्टरबाई शेजारच्या टाकीशी गेलेल्या. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या, काही त्रास आहे का. सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. माझ्या जोडीदारानं काहीच उत्तर दिलं नाही. त्यानं खिशातून मास्क काढला, हळदीचा, आणि टाकीच्या कडेवर ठेवला. मग दुसऱ्या खिशातून लाल दोरा काढला. दसऱ्याचा. टोकाला काडी. सगळ्यांच्या समोर त्यानं मान वर केली, दोरा एका नाकपुडीत घातला, दुसरीतून बाहेर ओढला, दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिला. दोऱ्याच्या एका टोकाला रक्त होतं.

तो बोलला, "मॅडम, त्यांना सांगा, हे टाकीनं केलंय. मला एवढंच कागदावर लिहून पाहिजे. बाकी काही नको."

डॉक्टरबाईंचा चेहरा पांढरा झालेला. म्हाताऱ्याचा हात स्वतःच्या नाकाशी गेला आणि झटकन खाली आला. कोणी बघितलं नसेल, मी बघितलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं लिहितो. मला त्याची कीव आली नाही. मला राग आला. मी माझ्या हातानं ओवलेला दोरा, पेढे वाटलेला, टाळ्या वाजवलेला, तो सिग्नलवरच्या भिकाऱ्यानं जखम उघडी करावी तसा परक्यांपुढं धरून उभा होता. त्याच्या नाकाला इजा आहे असं ठरलं, तर माझ्या नाकाला काय आहे? सदतीस वर्षं मी काय मिरवत होतो?

म्हाताऱ्यानं मला विचारलं. मॅडमनी सांगितलं, "ते विचारताहेत, तुम्ही सगळ्यात जुने. हा खरं बोलतोय का? तुम्हालाही असं आहे का?"

"तो तपकीर ओढतो," मी बोललो. "आल्यापासून ओढतो. दिवसातून चार वेळा. नाक त्यानंच गेलंय."

मॅडमनी भराभर सांगितलं. शेठनी श्वास सोडलेला ऐकू आला.

"आणि दोरा?"

"खेळ करतो. गावच्या जत्रेत शिकला असेल."

डॉक्टरबाईंनी बॅटरी काढली. माझं नाक बघू का, असं विचारलं. मी बोललो, "माझ्या नाकाला माझ्या आईशिवाय कोणी हात लावलेला नाही. आता तर मुळीच नाही." मॅडमनी हे हसत सांगितलं, ते तिघंही हसले, बॅटरी बंद झाली. म्हातारा शेवटी हसला. त्याला कळलेलं. प्लेटरला प्लेटरचं नाक कळतं. तरी त्यानं कागद भरणाऱ्याला सांगितलं आणि त्यानं लिहिलं. मॅडमना मी नंतर विचारलं काय लिहिलं. तपकीर, बोलल्या. खरं लिहिलं असतं तर आमचं शॉप बंद झालं असतं, आणि तपासायला शॉप नसेल तर त्याचीही नोकरी कुठं राहणार?

पाहुणे ऑफिसात चहाला गेले. माझा जोडीदार दोरा गुंडाळत होता. त्याच्या श्वासाची शिट्टी वाजत होती.

"मिस्तरी," तो बोलला, "मी तपकीर आयुष्यात हातात धरलेली नाही."

"आता धर," मी बोललो.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला गेटवरून परत पाठवला. आमचं शॉप पास झालं. भिंतीवर सर्टिफिकेटची फ्रेम लागली. ऑर्डर वाढली आणि त्याच्या जागी बदलापूरचा एक माणूस आला. त्यानं दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, नाक का झोंबतं. मी सांगितलं, सुटशील.

चार महिन्यांनी माझा जोडीदार आणि त्याची बायको कळव्याला माझ्या घरी आले. सूनबाईनं दार उघडलं, बसवलं, चहा ठेवला. त्याचा डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलेला. बोलत होती बायकोच, तो नुसता बसलेला. कामगारांच्या सरकारी दवाखान्यात आजार नाकातला निघाला, तो वाईट होता. डॉक्टर बोलला, हा क्रोमवर काम करत होता असं सिद्ध झालं तर कामाचा आजार म्हणून धरता येईल. मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं, बायको-पोरींना पुढं काहीतरी मिळणं, सगळं त्यावर. शॉपनं कळवलेलं की हा पॅकिंगला होता आणि तपकीर ओढायचा. आता बरोबर काम केलेल्या कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

"दोन ओळी द्या," ती बोलली. "हा माझ्या शेजारी टाकीवर होता, एवढंच. तपकिरीचं काही लिहू नका. तुम्हाला खोटं पडायला नको."

"टाकीवर होता लिहिलं की खोटा पडलोच मी. तो कागद इथून तिथं जाईल. तिकडच्यांना कळलं की शॉप बंद. बाकीच्यांच्या घरातली चूल कोण पेटवणार?"

"बाकीच्यांचं नका सांगू हो. तुमचं सांगा."

"माझं काय? माझ्या तोंडून शब्द गेला एकदा. मी तो गिळत नाही."

ती उठली. मग नवऱ्याला बोलली, "चला. उठा." त्यानं उठताना माझ्या पायांना हात लावला, सवयीनं. मी आशीर्वाद दिला, मीही सवयीनं. चहा तसाच राहिला. सूनबाईनं दोन्ही कप मोरीत ओतले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. घर माझं आहे.

त्यानंतर वर्ष गेलं असेल. एक दिवस सूनबाईच मोबाईलमधून वाचून दाखवायला आली. तिचा तो विषय. तिकडच्या संघानं तो कायदा केला खरा, पण पुढं ढकलला. मग काही महिन्यांनी पुन्हा बातमी, कायदा छाटला. फक्त खूप मोठ्या कंपन्यांना लागू. आमच्याकडून माल घेणारी त्यात बसत नव्हती. सूनबाईनं समजावलं, काही देशांची सरकारं अडून बसली, काहींचे मालक, काहींना बाहेरच्या मोठ्या देशांच्या धंद्याची भीती. सगळ्यांना एकत्र ठेवायचं तर कोणाला दुखवून चालत नाही. मग जो तिथं नसतो त्याला दुखवतात.

"हे लिही की पोरांना," मी बोललो.

"ते गाइडमध्ये नाही," ती बोलली.

शेठनी त्या दिवशी शॉपमध्ये पेढे वाटले. पाहुणे पुन्हा यायचे नाहीत असं कळवलेलं. पंख्यांचं बिल जास्त येतं म्हणून पंखे बंद झाले. हळदीचे मास्क कपाटावर पडलेले, एक चहावाल्यानं गाळणीला नेला. मी महिन्याभरात काम सोडलं. डोळ्यांना दिसेना म्हणून सोडलं, बाकी काही नाही.

आणि मग मी कागद घेतला. स्वतःहून. कोणी सांगितलं नव्हतं. लिहिलं की अमुक माणूस सात वर्षं माझ्या शेजारी क्रोमच्या टाकीवर होता, त्याच्या नाकाला टाकीनं भोक पडलं, तपकीर तो ओढत नव्हता, तपकिरीचं मी खोटं सांगितलं. खाली पूर्ण सही. सूनबाईनं वाचलं.

"आता?" ती बोलली.

"आता कोणाचं काही बिघडत नाही. शॉपला कोणी विचारत नाही. ऑर्डर जात नाही."

तिनं कागद परत माझ्या हातात दिला. "बाबा, तुम्ही त्या संघात बसायला पाहिजे होतात."

मी ते बोलणं मनाला लावून घेतलं नाही. दिव्याला गेलो. त्यांची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, जिन्यात प्रत्येक दारापुढं पाण्याचे निळे पिंप. चौथ्या मजल्यापर्यंत मी दोनदा थांबलो. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. या बोलली नाही, जा पण बोलली नाही.

तो खिडकीशी खुर्चीत होता. अर्ध्या तोंडावर पट्टी. पट्टीखाली उंचवटा नव्हता. नाकाची डावी बाजू आणि गालाचं हाड काढलेलं, हे मला तिनं नंतर सांगितलं, पण दिसतच होतं. मी कागद दिला. त्यानं वाचला. दहावी शिकलेला तो, माझ्यापेक्षा वाचायला पटाईत. पुन्हा वाचला.

"अक्षर चांगलं आहे मिस्तरी." आवाज तोंडातून कमी आणि पट्टीतून जास्त येत होता.

"उद्याच दवाखान्यात नेऊन दे," मी बोललो. "कोणी विचारलं तर मी येतो सांगायला."

"त्यांनी फाइल बंद केली," ती बोलली. "कार्डावर तपकीर लिहिलंय. बदलायचं तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. वर्ष जातं त्यात. डॉक्टरनं यांना एवढं दिलेलं नाही."

हे ती त्याच्यासमोर बोलली. तोही ऐकत होता, दुसऱ्याच कोणाचं असावं तसं.

मग तो बोलला, "अगं, मिस्तरींना काही दिलं नाहीस. ती डबी आण."

तिनं फळीवरून पत्र्याची छोटी डबी आणली. झाकण उघडून त्यानं माझ्यापुढं धरली. तपकीर. नवी कोरी, काठोकाठ भरलेली. कोणी चिमूट काढल्याची खूण नव्हती.

"तुम्ही बोललेलात आता धर," तो बोलला. "धरली. माझा काही उपयोग नाही, ओढायला जागा नाही राहिली. तुमच्यासाठीच ठेवलेली. या कधीतरी म्हणून. घ्या."

"मी घेत नाही."

"घ्या मिस्तरी. पक्का माणूस नाही बोलतो का?"

मी चिमूट घेतली. नाही बोललो असतो तर भ्यालो असं झालं असतं, आणि त्याच्यापुढं मी भिणार नव्हतो. उजव्या नाकपुडीत ओढली. अर्धी आत राहिली आणि अर्धी त्या भोकातून पलीकडे जाऊन डाव्या नाकपुडीतून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. त्या दोघांनी बघितलं. सदतीस वर्षांत जे मी डॉक्टरबाईच्या बॅटरीला दाखवलं नाही ते. मग शिंका सुरू झाल्या, थांबेचनात. तो हसत होता. नाक नसलेल्या माणसाचं हसणं कसं असतं ते मी लिहीत नाही. ती हसली नाही.

शिंका थांबल्यावर मी निघालो. तिनं जिन्यापर्यंत येऊन कागद माझ्या हातात परत ठेवला. नीट चार घड्या घातलेला.

"हा घेऊन जा," ती बोलली. "तुम्हाला लागेल. फक्त नाव बदला."

मी पिंपांच्या मधून खाली उतरलो. घरी सूनबाईनं विचारलं, घेतला का त्यांनी. मी बोललो, घेतला. तिनं सदऱ्यावरचे डाग बघितले आणि सदरा बादलीत भिजत टाकला.

तो आता नाही. त्याच्या दहाव्याला मी गेलो नाही, मला निरोप नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठलो की उशीवर रक्ताचा ठिपका असतो, डाव्या बाजूला. सूनबाईच्या आधी मी उशीचा अभ्रा उलटा करतो. कागद मुंडावळ्यांच्या डब्यात आहे, दोऱ्याशेजारी. नाव मी अजून बदललेलं नाही.